कडुनिंबाचा अर्क आणि झिंक ऑक्साइडचे नॅनोकण : या चुका टाळा

एमएस्सीच्या प्रकल्प-अहवालांत एक वाक्य हमखास सापडतं : ‘पानांतल्या फ्लॅव्होनॉइडांनी (वनस्पतीतल्या एका प्रकारच्या रसायनांनी) जस्ताचं क्षपण केलं आणि झिंक ऑक्साइड तयार झालं.’ क्षपण म्हणजे आयनाला इलेक्ट्रॉन मिळून त्याची + अवस्था खाली येणं. अर्कात मिसळायच्या झिंक नायट्रेटमध्ये जस्त +२ अवस्थेत असतं, झिंक ऑक्साइडमध्येही +२ मध्येच. मग क्षपण झालं कुठे? ते चांदीच्या नॅनोकणांत होतं. इथे अर्कातले रेणू जस्ताच्या आयनांना धरून ठेवतात आणि कणांची वाढ आवरतात. चांदीचं वर्णन जसंच्या तसं उचललं की बाकीच्या चुकाही मागोमाग येतात.

रंगाचंच बघा. चांदीचं द्रावण तपकिरी होणं ही नॅनोकण तयार झाल्याची खूण आहे. कडुनिंबाचा अर्क मुळातच पिवळट-तपकिरी, त्यामुळे इथे रंगावर जाऊ नका. तळाला बसलेला साकाही बहुधा झिंक हायड्रॉक्साइड किंवा जस्त आणि सेंद्रिय रेणूंचं संयुग असतो. मफल भट्टीत (प्रयोगशाळेतल्या बंद विजेच्या भट्टीत) साधारण ४०० अंश सेल्सिअसला दोनेक तास भाजल्यावर पांढरी भुकटी मिळते. ती करडी राहिली तर कार्बन उरलाय, पुन्हा भाजा. तांब्याच्या क्ष-किरणांनी काढलेल्या एक्सआरडीत (स्फटिकाची रचना ओळखणाऱ्या क्ष-किरण चाचणीत) ३१.८, ३४.४ आणि ३६.३ अंशांजवळ शिखरं दिसल्याशिवाय तिला झिंक ऑक्साइड म्हणू नका. आणि एवढं भाजून ‘कणांवर वनस्पतीचं आवरण आहे’ असं लिहिणं तर सोडूनच द्या. ते आवरण भट्टीतच जळालेलं असतं.

भट्टीबाबत कळकळीने सांगते : नायट्रेट आणि सेंद्रिय पदार्थ एकत्र तापले की भपकन पेटू शकतात. साका नीट धुवा, थोडाच घ्या, तापमान हळूहळू चढवा. तपकिरी धूर विषारी असतो, भट्टीला धूर ओढून नेणारी सोय हवीच.

अर्क ताजा वापरा. फ्रिजमध्ये पडून आंबलेल्या अर्काने दर वेळी वेगळाच साका मिळतो.

सगळ्यात जास्त मेहनत वाया जाते ती जिवाणूंच्या चाचणीत. झिंक ऑक्साइड पाण्यात जवळपास विरघळत नाही, त्याचे कण अगरमधून, म्हणजे प्लेटमधल्या जिवाणू वाढवायच्या जेलीतून, फारसे पसरत नाहीत. त्यामुळे अगरमध्ये पाडलेल्या भोकाभोवतीचं (त्याला ‘विहीर’ म्हणतात) जिवाणू न वाढलेलं वलय लहान दिसलं म्हणून पदार्थ निष्प्रभ ठरत नाही. उलट मोठं वलय धुवायच्या राहिलेल्या जस्ताच्या क्षाराचं असू शकतं. नुसता अर्क आणि नुसता क्षार शेजारच्या विहिरींत घातल्याशिवाय निष्कर्ष काढूच नका. ब्रॉथमध्ये (जिवाणू वाढवायच्या द्रवात) किमान रोधक मात्रा, म्हणजे वाढ थांबवणारी सर्वांत कमी मात्रा, काढताना कण स्वतःच गढूळपणा आणतात, तेव्हा नळीतलं थोडं द्रव प्लेटवर पसरून वसाहती मोजा. कण फॉस्फेट बफरमध्ये मिसळत असाल तर तेही थांबवा, जस्ताचं फॉस्फेट तयार होतं आणि तुम्ही भलत्याच पदार्थाची चाचणी करत बसता.