पऱ्हाटीवर औषधांची खिचडी नको

पाऊस उघडला की दोन दिवसांत वावरावावरात पंप सुरू होतात. सप्टेंबरची ही उघडीपच घातक. कपाशी म्हणजे पऱ्हाटी छातीच्या वर, खाली ओल, वर कडक ऊन, वारा पडलेला. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात अशाच दिवसांत फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तरी एका पंपात तीन-तीन डबे ओतणं थांबलेलं नाही.

प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रीन ही दोन कीटकनाशकं एकत्र केली की जोर वाढतो, हे खरं. सायपरमेथ्रीन मोडून टाकणारी शरीरातली विकरं (एन्झाइम) प्रोफेनोफॉस बंद पाडतं. पण ती विकरं अळीत असतात तशी माणसातही असतात. त्यात दुकानदार प्रोफेनोफॉसच्याच जातीचं आणखी एक ‘फॉस’ आणि टॉनिकची बाटली जोडून देतो. बिल फुगतं, बोंड वाचतंच असं नाही. उलट सायपरमेथ्रीनसारखं पायरेथ्रॉईड वारंवार मारलं की पांढरी माशी उसळते आणि पुढच्या फवारणीचंही गिऱ्हाईक तयार होतं.

गुलाबी बोंडअळीसाठी एकरी २ कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग पकडणारे) लावा. सलग ३ रात्री दर सापळ्यात ८ पतंग, किंवा १० टक्के फुलं-बोंडं किडलेली दिसली तरच रासायनिक औषध. १० लिटर पाण्यात प्रोफेनोफॉस ५० ईसी ३० मिली किंवा इमामेक्टीन बेन्झोएट ५ एसजी ४ ग्रॅम. दोन्ही नाही, एकच.

‘पॉवर पंपाला तिप्पट मात्रा’ हा नियम कमी पाण्यात फवारणाऱ्या पेट्रोल पंपाचा. बॅटरी पंपाला पाठीवरच्या हातपंपाचीच मात्रा. ही गफलत फार होते.

फवारताना:
– टोपणाने नको, मापाने मोजा
– पूर्ण बाह्या, हातमोजे, मास्क, चष्मा
– वाऱ्याला पाठ. तंबाखू, बिडी बंद
– नोझल तोंडाने फुंकू नका
– उपाशीपोटी जाऊ नका

आमचा अंदाज असा, की पानावरचं दव दहापर्यंत वाळलं नाही तर त्या दिवशी कोंदट दाटीत शिरूच नये. छातीएवढ्या पऱ्हाटीत पुढे फवारत गेलात तर ओली पानं अंगावरच पुसली जातात.

घाम, लाळ, उलटी, डोळ्यांपुढे धूसर, अंग फडफडणं, यातलं काहीही जाणवलं की पंप उतरवा, कपडे काढा, साबणाने अंग धुवा आणि थेट दवाखाना गाठा. डबा सोबत न्या. लेबलावरून डॉक्टरांना उतारा ठरवता येतो. खिचडीच फवारली असेल तर सगळे डबे न्या.