पेशी जगल्या, पण इस्ट्रॅडिऑल कुठे गेले? या चुका टाळा

गायीच्या अंडाशयातील फॉलिकलच्या (बीजांड वाढते त्या द्रवभरल्या पुटिकेच्या) आतल्या ग्रॅन्युलोसा पेशी प्रयोगशाळेत वाढवणाऱ्या विद्यार्थ्याला चौथ्या-पाचव्या दिवशी एक कोडे हमखास पडते. पेशी बशीला चिकटून छान पसरलेल्या असतात, माध्यमात (पेशींच्या पोषक द्रवात) मात्र त्यांनी बनवायचे इस्ट्रॅडिऑल हे स्त्री-संप्रेरक जवळजवळ नसते. बहुतेक वेळा दोष त्या छान पसरण्यातच असतो. सवयीने १० टक्के सीरम (रक्तद्रव) घातले की पेशी चपट्या होतात, वेगाने वाढतात आणि हळूहळू पीतपिंडाच्या (बीजांड बाहेर पडल्यावर फॉलिकलचे जे बनते त्याच्या) पेशींसारख्या वागू लागतात; इस्ट्रॅडिऑल घटते आणि प्रोजेस्टेरॉन चढते. ते चढलेले प्रोजेस्टेरॉन पाहून प्रयोग साधला असे समजणे, ही माझ्या मते या कामातली सर्वांत महागडी चूक आहे. सीरमविरहित माध्यमात, इन्सुलिन आणि मिलीलिटरला १ नॅनोग्रॅमच्या आसपास एफएसएच (फॉलिकल वाढवणारे संप्रेरक) ठेवल्यास पेशी गोलसर पुंजक्यांत राहतात आणि इस्ट्रॅडिऑल देत राहतात. एफएसएचची मात्रा वाढवली म्हणून उत्पादन वाढत नाही, उलट अनेकदा घटते.

एवढे करूनही आकडा शून्याजवळ राहिला, तर माध्यमात अँड्रोस्टेनडायोन (ज्यापासून इस्ट्रॅडिऑल बनते ते संप्रेरक) घातले होते का, ते पाहावे. फॉलिकलमध्ये हा कच्चा माल शेजारच्या थीका पेशी पुरवतात आणि ग्रॅन्युलोसा पेशी अरोमॅटेज या विकराच्या साहाय्याने त्याचे इस्ट्रॅडिऑल करतात. थीका नसलेल्या बशीत तो आपणच द्यावा लागतो. बाष्पीभवन टाळण्यासाठी माध्यमावर तेलाचा थर देणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की इस्ट्रॅडिऑलसारखे स्टेरॉइड तेलात विरघळतात आणि मोजणीच्या नमुन्यातून निसटतात.

विदर्भातील अडचण मात्र बशीच्या आधीच सुरू होते. राज्यात गायीच्या कत्तलीवर आधीपासूनच आणि २०१५ पासून बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी असल्याने कत्तलखान्यातून मिळणारी अंडाशये म्हशीची असतात. गायीवरचे आकडे त्यांना जसेच्या तसे लावू नयेत. म्हशीच्या अंडाशयात फॉलिकल कमी असल्याने पेशी पुरवण्यासाठी लहान-मोठी सगळी एकत्र ओतण्याचा मोह होतो. पण २ ते ५ मिलिमीटरच्या फॉलिकलमधील पेशी आणि मोठ्या, पक्व होत आलेल्या फॉलिकलमधील पेशी एकाच संप्रेरकाला सारख्या उत्तर देत नाहीत, त्यामुळे व्यास मोजून गट वेगळे ठेवणे बरे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना अंडाशये ठेवलेली सलाइनची बाटली दुचाकीच्या डिकीत ठेवून आणणारे मी पाहिले आहेत. थर्मासमध्ये तापमापी ठेवून, प्रत्येक खेपेला तापमान आणि लागलेला वेळ वहीत नोंदवावा. नाहीतर सोमवारच्या आणि गुरुवारच्या पेशींतला फरक औषधाचा की उन्हाचा, ते कळत नाही. भारनियमनाच्या गावात इनक्युबेटरला बॅटरीचा आधार हवाच.

शेवटी मोजणी. हार्मोनचा आकडा पेशींच्या संख्येने किंवा डीएनएने न भागता दिला, तर जास्त पेशींची बशी जास्त 'स्रवणारी' दिसते. एलायझाची (संप्रेरक मोजण्याच्या चाचणीची) मानक द्रावणेही पेशींसाठी घेतलेल्या माध्यमाच्याच, पण कोऱ्या, नमुन्यात बनवावीत.