मुलांचे दात जपायचे असतील तर मधून सहावा दात मोजा

दात कसे घासावेत हे सांगणारे लेख मी पुष्कळ वाचले. ब्रश गोल फिरवा, दोन मिनिटे घासा, गोड कमी खा, एवढे सांगून सगळे थांबतात. सहा वर्षांच्या पोराचे डोके मांडीवर घेऊन, झोपेला आलेल्या त्याच्या तोंडात ब्रश घातल्याशिवाय कळत नाही की खरी अडचण वेगळ्याच जागी असते. अमळनेरकडच्या आमच्या एकत्र घरात माझी दोन आणि दिरांची दोन अशा चार मुलांचे दात मी वर्षानुवर्षे रात्री घासले आहेत. पहिल्या मुलाच्या वेळी जे चुकले ते इतरांचे चुकू नये, म्हणून हे लिहिते आहे.

ब्रश मऊ घ्या, डोके लहान असलेला. केस फाकले की बदला, तीन महिन्यांच्या पुढे ठेवू नका. पेस्ट फ्लोराइडची हवी, खोक्यावर 1000 पीपीएमच्या आसपास आकडा असतो तो वाचून घ्या. नुसते ‘आयुर्वेदिक’ किंवा ‘हर्बल’ लिहिलेले पाहून घेऊ नका, त्यातल्या बऱ्याच पेस्टमध्ये फ्लोराइड नसतेच. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, त्यापुढे तुरीच्या ओल्या दाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर लांब पट्टी दाखवतात, तेवढी कुणालाच लागत नाही. सकाळी मूल स्वतः घासेल, घासू द्या.

सहाव्या वर्षाची दाढ

आता मुख्य गोष्ट. मूल सहाच्या आसपास आले की शेवटच्या दुधाच्या दाढेच्याही मागे एक नवी दाढ उगवते. तिला जागा द्यायला दुधाचा कुठलाच दात पडत नाही. म्हणून घरात कुणाचे लक्षच जात नाही, आणि गेले तरी सगळे ती दुधाचीच समजतात. माझ्या मोठ्या मुलाच्या दाढेवर काळा ठिपका दिसला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “दूधना दात शे, पडी जाई.” मलाही तेच वाटले. आठव्या वर्षी त्याला माठातले पाणी प्यायले की कळ यायला लागली. डॉक्टरांनी तोंडात पाहिले आणि पहिलाच प्रश्न विचारला, ही कायमची दाढ आहे हे तुम्हाला माहीत होते का? माहीत नव्हते. नवव्या वर्षी ती दाढ काढावी लागली. जी साठ-सत्तर वर्षे चावायची, ती तीन वर्षांत गेली. आज तो मुलगा ज्वारीची भाकरी एकाच बाजूने चावतो, आणि जेवताना माझे लक्ष दर वेळी तिकडे जाते.

ओळखायची कशी? मोजून. दुधाचे दात वीस. म्हणजे प्रत्येक जबड्याच्या एका बाजूला पाच: पुढचे दोन, एक सुळा, दोन दाढा. समोरच्या मधल्या फटीपासून मागे मोजत जा. सहावा दात लागला तर तो कायमचा. दिसायलाही तो वेगळा असतो, दुधाच्या दातापेक्षा किंचित पिवळसर आणि माथ्यावर खोल खाचा असलेला. पिवळसर आहे म्हणून तो खराब समजू नका, कायमच्या दाताचा रंगच तसा असतो.

दुसऱ्या मुलीच्या वेळी मला दाढ ओळखता आली. रोज रात्री मी स्वतः घासत होते, तरी चार-पाच महिन्यांत खाचेत तपकिरी रेघ दिसायला लागली. मला काही कळेना. एका रात्री घासून झाल्यावर मी बॅटरी लावून आत पाहिले, तर भाकरीचा कण खाचेत तसाच बसलेला. दोन मिनिटे घासूनही! कारण साधे होते. ही दाढ एका दिवसात वर येत नाही, पुरती वर यायला कित्येक महिने, कधी वर्षभरही लागते. तोवर ती शेजारच्या दुधाच्या दाढेपेक्षा खाली असते आणि मागचा अर्धा भाग हिरडीच्या पदराखाली झाकलेला असतो. आपण ब्रश नेहमीसारखा मागेपुढे चालवतो तेव्हा तो उंच दाढेवरच टेकतो, आणि खालची नवी दाढ तशीच राहते. ब्रशचे केस तिला लागतही नाहीत.

त्यावर उपाय एकच, ब्रश आडवा घालायचा. मी पलंगाच्या कडेला बसते, मुलाचे डोके मांडीवर, तोंड छताकडे. डोक्याला ती बॅटरी बांधते, जी शेतात रात्री केळीला पाणी द्यायला जाताना पुरुष बांधतात. मोबाइलचा उजेड पुरतो, पण एक हात अडकतो. डाव्या हाताचे पहिले बोट गालाच्या कोपऱ्यात घालून गाल बाहेर ओढायचा. आणि इथे सगळे चुकतात. मुलाला “आ कर, मोठ्ठा आ कर” म्हणतात. मोठा आ केला की गाल ताणून दाढेला चिकटतो आणि ब्रशला जागाच उरत नाही. “अर्धं तोंड मीट” म्हणा. गाल सैल पडतो आणि ब्रश सहज आत जातो. मग दातांच्या रांगेला काटकोनात, ओठाच्या कोपऱ्यातून ब्रश आत न्यायचा आणि डोके त्या एकट्या दाढेवर टेकवायचे. शेजारची दाढ विसरून जा. लहान लहान हालचाल, पंधरापर्यंत मोजत. मी मोठ्याने मोजते, त्यामुळे मुलाला कधी संपणार ते कळते आणि ते हलत नाही. चार दाढा, चार वेळा पंधरा.

ब्रश पेन्सिलीसारखा तीन बोटांत धरा. मुठीत धरला की जोर येतो, आणि जोराने हिरडी सोलते, दात स्वच्छ होत नाही. उगवत्या दाढेभोवतीची हिरडी सुजते, कधी थोडे रक्त येते. रक्त पाहून तिथे घासणे सोडू नका. पदराखाली अन्न अडकते म्हणून तर ती सुजते. हलक्या हाताने घासत राहिले की बहुतेक वेळा आठ-पंधरा दिवसांत शांत होते. ताप आला, गाल सुजला, तोंड उघडेना, तर मात्र थेट डॉक्टरकडे.

दाढ पुरती वर आली की डॉक्टरांना खाचा भरून देता का ते विचारा. सीलंट म्हणतात त्याला. भूल नाही, कोरणे नाही, दुखत नाही. माझ्या मुलीच्या आणि दिरांच्या दोन्ही मुलांच्या दाढांना केले आहे. पहिल्याच्या वेळी हे मला कुणी सांगितले असते तर किती बरे झाले असते.

मूल आठ वर्षांचे होईपर्यंत रात्रीचे घासणे तुमचे. “आमचा पिंटू स्वतः घासतो” असे कौतुकाने सांगू नका. ज्याला अजून बुटाची नाडी नीट बांधता येत नाही, त्याला मागच्या दाढेपर्यंत पोचता येत नाही.

रात्री घासल्यावर

थुंकायचे, खळखळून चूळ भरायची नाही. दातावर राहिलेला फ्लोराइडचा पातळ थर रात्रभर काम करतो. त्यानंतर फक्त पाणी. दूधही नाही, आणि शिकरण तर मुळीच नाही. झोपेत लाळ कमी सुटते, दात धुणारे दुसरे कुणी नसते.

सणाचा खाऊ

सणाला गोड बंद करा असे मी सांगणार नाही. ते कुणी ऐकत नाही आणि ऐकूही नये. पण एक हिशेब पक्का समजून घ्या, तो समजला की बाकी सगळे आपोआप जमते.

गोड तोंडात गेले की दातावरच्या थरातले जंतू त्याचे आम्ल करतात आणि त्या आम्लाने दाताचा वरचा भाग थोडा विरघळतो. लाळ ते आम्ल निवळते आणि झीज काही अंशी भरूनही काढते, पण तिला अर्धा-पाऊण तास लागतो. आता पाच रेवड्या घ्या. जेवणाच्या ताटावर एकदम खाल्ल्या तर दातावर एकच हल्ला. त्याच पाच खिशात घालून दुपारी बारापासून एक एक करत खाल्ल्या तर पाच हल्ले, आणि संध्याकाळपर्यंत लाळेला सवडच नाही. रेवड्या तेवढ्याच, साखर तेवढीच. दात किडतो तो खिशातून खाणाऱ्या पोराचा. म्हणून आमच्या घरात नियम आहे: खाऊ ताटात, खिशात नाही.

या हिशेबाने पाहिले तर आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, सांजोरी, खापरावरची पुरणपोळी आणि वाटीभर आमरस दिसायला भारी, पण त्यांचे फारसे भय नाही. ते जेवणात पोटभर खाऊन होते आणि हात धुऊन पोरे झोक्यावर जातात. श्रावणातल्या कानबाईच्या सणाच्या रोटाचेही तसेच. भय आहे ते चिकटणाऱ्या आणि चघळायच्या खाऊचे. सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेली रेवडी आणि गोडीशेव, संक्रांतीचा हलवा आणि चिक्की. होळीला गळ्यात घातलेले साखरेचे हार-कडे तर सगळ्यात वाईट, कारण पोरगे ते दिवसभर गळ्यातच ठेवते आणि येता-जाता चाटते. ओवाळून झाले, फोटो झाला की हार काढून डब्यात ठेवा. रोज जेवणावर एक तुकडा द्या, आठवडाभर पुरतो.

गूळ चांगला, साखर वाईट, हे दातांच्या बाबतीत खरे नाही. जंतूंना दोन्ही सारखेच, आणि गूळ वरून चिकटतो. उसाने दात साफ होतात हेही ऐकून ऐकून कान किटले. ऊस म्हणजे साखरेचे पाणीच. खा, पण एका बैठकीत खा आणि लगेच चूळ भरा. पिकलेले केळे जळगाव जिल्ह्यात घराघरांत असते, ते खाऊ नका असे कोण म्हणेल? पण ते दाढेच्या खाचेत बसते, तेव्हा जेवणाबरोबर द्या आणि वर पाणी पाजा.

उन्हाळ्यात पारा 44-45 वर गेला की घोट घोट पिणे सुरू होते. रसवंतीचा रस, लिंबू सरबत, रंगीत थंड पेयाची बाटली. पेला घ्या, पिऊन मोकळे व्हा. बाटली घेऊन दुपारभर चोखत बसणे हीच ती खिशातली रेवडी. तहान साध्या पाण्याने भागवा. कैरी, चिंच, लिंबू खाल्ल्यावर लगेच ब्रश करू नका, आंबटाने दाताचा वरचा थर थोडा वेळ मऊ झालेला असतो. चूळ भरून अर्धा तास थांबा.

हिवाळ्यात दादर ज्वारीचा हुरडा दोन दाढांच्या मध्ये अडकतो. पिन, आगकाडी, खराट्याची काडी घालू नका, त्याने हिरडी फाटते. मेडिकलमध्ये दातांच्या दोऱ्याची (फ्लॉसची) डबी मिळते. दोरा दाढांच्या फटीत घालून दाताला टेकवत बाहेर ओढायचा, इतकेच काम आहे. भरिताबरोबरचा मुळा, शेतातली काकडी, उकडलेल्या शेंगा, ओली हरभऱ्याची टहाळी हा खाऊ मधल्या वेळी कितीही द्या.

मिसरी

हे मी कळवळून लिहिते आहे, आणि कुणाला राग आला तरी चालेल. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखू. तिने दात साफ होत नाहीत, हिरड्या खाली सरकतात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. “दाढ दुखते म्हणून लावते” असे म्हणत सुरू होते आणि आयुष्यभर सुटत नाही. माझी आजी ओट्यावर बसून दिवसातून चार वेळा लावायची, आणि पन्नाशीत तिला भाकरी दुधात कुस्करून खावी लागत होती. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, मिसरी मात्र घरातल्या तव्यावर भाजली जाते. आजीजवळ बसलेली नात बोट पुढे करते, तिला कौतुकाने चिमूटभर देऊ नका. एवढे तरी करा. कोळसा, राख, विटेची पूड यांनीही दात घासू नका. दात आज पांढरा दिसतो, पण झिजलेला वरचा थर पुन्हा येत नाही. कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी मऊ चावून सकाळी वापरायला माझी हरकत नाही, पण रात्री फ्लोराइडची पेस्टच.

डॉक्टर

वर्षातून दोनदा, दुखण्याची वाट न पाहता. दुखेपर्यंत कीड बहुतेक वेळा आतवर गेलेली असते. शाळेत आणि अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला येते, त्यात दातही पाहतात. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका आणि मिळालेली चिठ्ठी दप्तरात पडू देऊ नका. डॉक्टरकडे गेल्यावर “सहाव्या वर्षाची दाढ आली का, खाचा खोल आहेत का?” हा प्रश्न स्वतः विचारा.

आणि बाराव्या वर्षाच्या आसपास तिच्याही मागे दुसरी कायमची दाढ येते, तशीच, काही न पाडता. तेव्हा मूल सहावी-सातवीत असते आणि तोंडाला हात लावू देत नाही. त्याला आरशासमोर उभे करा, बॅटरी त्याच्या हातात द्या, मधून सातवा दात त्यालाच मोजू द्या. ब्रश आडवा कसा घालायचा ते एकदा तुमच्या स्वतःच्या तोंडात करून दाखवा.