व्हॉलीबॉलमध्ये सर्व्हिस घेताना कोणी कुठे उभे राहावे

मराठवाड्यातल्या शाळांच्या मुरमाड मैदानांवर मुलांचा स्मॅश लवकर बसतो, पण तालुकास्तरावर पोहोचलेला चांगला संघ जागा चुकल्यामुळे हातचे गुण घालवतो. याचे मुख्य कारण शिकवण्यात आहे असे मला वाटते. आपण फक्कीने सहा चौकोन आखतो आणि प्रत्येकाला त्याच्या चौकोनात उभे करतो. नियमात असे चौकोन नाहीतच. तिथे फक्त शेजाऱ्याच्या तुलनेत आपण कुठे आहोत, एवढेच पाहिले जाते.

आधी क्रमांक पाठ करून घ्यावेत. नेटकडे तोंड केल्यावर मागचा उजवा कोपरा १, त्याच्यापुढे नेटजवळ २, मध्ये ३, डावीकडे ४, त्याच्यामागे ५ आणि मागे मधोमध ६. समोरच्या संघाकडून सर्व्हिस परत मिळाली, की घड्याळाच्या काट्याप्रमाणे एकेक जागा सरकायचे. म्हणजे २ वरचा खेळाडू १ वर येऊन सर्व्हिस करतो.

आता तुलना. पुढे-मागे अशा जोड्या तीनच: ४ व ५, ३ व ६, २ व १. मागच्या खेळाडूच्या एका पावलाचा थोडा भाग तरी पुढच्याच्या सर्वांत पुढे असलेल्या पावलापेक्षा नेटखालच्या मध्यरेषेपासून लांब, निदान बरोबरीत हवा. आडव्या रांगेत ३ हा ४ आणि २ यांच्यामध्ये, तर ६ हा ५ आणि १ यांच्यामध्ये राहतो. १ आणि ३ यांची तुलना होतच नाही, त्यामुळे १ वरचा खेळाडू २ च्या मागे राहून ३ च्या पुढे उभा असला तरी चूक नाही. हे कळले की मुलांची निम्मी भीती जाते.

समजा सेटर, म्हणजे स्मॅशसाठी चेंडू उचलून देणारा खेळाडू, ६ वर आहे आणि त्याला नेटजवळ उजवीकडे पोहोचायचे आहे. ३ वरच्या खेळाडूला नेटपाशी उभे करावे, सेटरने त्याच्या टाचेला लागून मागे थांबावे आणि १ वरच्याने सेटरच्या उजवीकडे राहावे. सर्व्हिस करणाऱ्याचा चेंडूला हात लागला, की सेटर सुटतो. आमच्या एका सामन्यात सेटर मुलाने चेंडू वर उडताच धाव घेतली. चेंडूला हात लागला तेव्हा त्याची दोन्ही पावले ३ वरच्या खेळाडूच्या पुढे होती आणि पंचांची शिट्टी वाजली. जागा ठरते ती जमिनीला टेकलेल्या पावलांवरून. खेळाडू हवेत असेल तर पाऊल शेवटचे जिथे टेकले होते ते धरतात. म्हणून सरावात मैदानावर हलके पाणी मारावे, चेंडूला हात लागताच शिट्टी वाजवून सर्वांना जागीच थांबवावे आणि बुटांचे ठसे मुलांनाच वाचायला लावावेत.

सर्व्हिस करणाऱ्या संघावरचे जागांचे बंधन आंतरराष्ट्रीय नियमांच्या २०२५ पासूनच्या आवृत्तीत काढले आहे. सर्व्हिसचा क्रम मात्र पाळावाच लागतो. स्थानिक स्पर्धेत कोणती आवृत्ती चालणार आहे, हे सामन्याआधी पंचांना विचारून घ्यावे.

सर्व्हिस झाल्यावर कोणीही कुठेही जाऊ शकतो. फक्त मागच्या फळीतल्याने (१, ६, ५) ब्लॉक करू नये, म्हणजे नेटवर हात उंचावून चेंडू अडवू नये, आणि नेटपासून ३ मीटरवरच्या रेषेच्या आतून नेटच्या वरचा चेंडू मारून पलीकडे पाठवू नये. रेषेमागून उडी घेऊन आत उतरला तर चालते.

चुकीची किंमत एक गुण आणि सर्व्हिस, शिवाय जागाही दुरुस्त कराव्या लागतात. एक बारकावा कर्णधाराला आवर्जून सांगावा: सर्व्हिस करणाऱ्याचा पाय चेंडू मारतानाच मैदानाच्या मागच्या रेषेवर पडला असेल, तर त्याची चूक आधी धरली जाते, पण त्याने नीट मारलेला चेंडू नंतर बाहेर गेला आणि आपल्या जागा चुकलेल्या असतील, तर गुण त्यालाच मिळतो.