गोव्यात घर-भाटाची (घर आणि बागायती जमिनीची) वाटणी करताना या चुका टाळा

भावंडं कोर्टात गेली की गावात म्हणतात, जमिनीला भाव आला म्हणून भांडली. भाव आला हे खरंच. पण बऱ्याच घरांत भांडणाचं बी आधीच पेरलेलं असतं: घर कोणाचं, याबद्दल घरातली समजूत एक आणि कायदा दुसराच. घरात ते ‘आजोबांचं घर’ असतं. गोव्याच्या कायद्यात ते आजोबा आणि आजी या जोडप्याचं असतं, निम्मं-निम्मं. एवढी एक गोष्ट डोक्यात ठेवली तर खालच्या बहुतेक चुका होणारच नाहीत.

१८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता इथे १८७० पासून लागू झाली आणि १९६१ च्या मुक्तीनंतरही कायम राहिली. वारशाचा भाग आता गोव्याच्या २०१२ च्या वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कायद्यात आहे; तो २०१६ च्या डिसेंबरात अमलात आला. एकत्र कुटुंब, कर्ता, सातबाऱ्यावरची वारसनोंद ही सगळी पलीकडची भाषा. सावंतवाडीच्या मेहुण्याने किंवा पुण्याच्या मित्राने प्रेमाने दिलेला सल्ला इथे म्हणूनच उलटतो.

लग्नाची सही गंमत म्हणून करू नका

गोव्यात नागरी नोंदणीच्या दोन सह्या असतात. पहिल्या सहीने लग्नाचा इरादा जाहीर होतो, मुदत जाते, मग दुसरी सही. हॉल, भटजी, जेवणावळीचं बुकिंग यांत घर इतकं बुडालेलं असतं की दुसरी सही म्हणजे रजिस्ट्रारकडची एक चक्कर, एवढंच वाटतं. प्रत्यक्षात कायद्याच्या दृष्टीने तिथे लग्न होतं. मांडव महिनाभराने पडला तरी फरक पडत नाही, आणि मधल्या काळात सोयरीक मोडली तर ‘अजून लग्न झालंच नाही’ म्हणून सुटका नाही.

त्याच क्षणापासून दोघांची मालमत्ता सामायिक होते: आधीची, नंतरची, माहेरून आलेली, सासरची, सगळी. हे नको असेल तर लग्नाआधी नोटरीपुढे करार करून ठेवावा लागतो. लग्न लागल्यावर हा रस्ता बंद. असा करार म्हणजे अविश्वास, असं आपल्याकडे मानतात. ज्यांचा धंदा कर्जावर चालतो किंवा ज्यांचं दुसरं लग्न आहे आणि पहिल्याची मुलं आहेत, त्यांनी तरी ही भीड सोडावी.

लग्न गोव्याबाहेर नोंदलेलं असेल, मुलगी सिंधुदुर्गातली किंवा बेळगावची असेल, तर ते वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा. हिशेब तिथून बदलू शकतो.

‘बाबांनी सगळं माझ्या नावे लिहून ठेवलंय’

लिहून ठेवलं असेलही. पण बाबांना तेवढा अधिकार होता का?

चार खोल्या आणि मागे कुळागर (सुपारी-नारळाची बाग) अशी मालमत्ता धरा. निम्मी आईची, तिला बाबांच्या मृत्युपत्राने हात लागत नाही. उरलेली निम्मी बाबांची, पण मुलं असतील तर तिच्यातलाही अर्धा भाग त्यांच्यासाठी राखीव. म्हणजे बाबा आपल्या मर्जीने ज्याला हवी त्याला देऊ शकतात ती एकूण मालमत्तेची चौथाई. तीन मुलं असतील तर राखीव चौथाई तिघांत सारखी, प्रत्येकी बारावा हिस्सा. मृत्युपत्र नसेल तर बाबांची अर्धी बाजू तिघांत सरळ, प्रत्येकी सहावा हिस्सा. मुलगा-मुलगी भेद नाही. मृत्युपत्रही वहीत लिहून कपाटात ठेवायची वस्तू नव्हे. ते विशेष नोटरीपुढे, साक्षीदारांसमक्ष करायचं असतं, आणि हे काम सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत होतं.

हयातीत एका मुलाला बक्षीसपत्राने दिलेली जागाही हिशेबाबाहेर राहत नाही. वाटणीच्या वेळी ती त्याच्या वाट्यात धरण्याची मागणी इतर भावंडं करू शकतात.

मूल नसलेल्या जोडप्यांचं मात्र वेगळं, आणि इथली चूक सगळ्यांत महाग पडते. नवरा गेला की सगळं बायकोचं, असं दोघंही धरून चालतात. तिची अर्धी बाजू तिचीच. त्याच्या अर्ध्या बाजूवर मात्र आधी त्याचे आईवडील, ते नसतील तर भावंडं आणि त्यांची मुलं, आणि त्यानंतर ती. चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला दिराच्या मुलांबरोबर सहहिस्सेदार म्हणून बसावं लागतं. उपाय सोपा आहे: आईवडील हयात नसतील तर नवरा आपली अर्धी बाजू मृत्युपत्राने पत्नीला देऊ शकतो. मूलबाळ नाही, मग मृत्युपत्र कशाला, असं म्हणणाऱ्यांनाच त्याची गरज सर्वांत जास्त.

मुलीला भांगर (सोनं) दिलं, मुलाला शिकवलं

हे दोन संवाद प्रत्येक तालुक्यात ऐकू येतात. ‘तिच्या लग्नात एवढं भांगर घातलं, तिला आता काय?’ आणि ‘थोरल्याला इंजिनिअर केला, घर धाकट्याचं.’ घरच्या न्यायाला ते शोभतही असेल. पण दागिन्यांनी किंवा कॉलेजच्या फीने वारसाहक्क फिटत नाही.

यातूनच पुढची चूक होते. लग्नाआधी किंवा आईबाप धडधाकट असताना मुलीकडून ‘मला काही नको’ असा कागद घेऊन ठेवतात. जिवंत माणसाच्या वारशावरचा हक्क सोडता येत नाही, त्यामुळे त्या कागदाला किंमत शून्य. हक्क सोडायचा तो मृत्यूनंतर, रीतसर दस्त करून, आणि तिच्या नवऱ्याच्या संमतीने. जावयाची सही मागायला आपल्याकडे संकोच वाटतो, पण सामायिक मालमत्तेत त्याचाही हक्क आलेला असतो. सुनांचंही तेच. पाच भावंडांच्या घराच्या विक्रीखतावर दहा सह्या दिसतात त्या यामुळे.

हक्कसोडीत अजून एक खाच आहे. ‘धाकट्याच्या नावे हक्क सोडते’ असं त्यात चालत नाही. सोडला की सोडला. तो हिस्सा उरलेल्या सगळ्यांकडे जातो. थोडा सोडते, थोडा ठेवते, हेही नाही. एकाच भावाला द्यायचं मनात असेल तर वेगळा दस्त लागतो, खर्चही वेगळा. बहिणीने भोळेपणाने सही केली आणि तिचा वाटा ज्या भावाशी ती बोलतही नाही त्याच्याकडेही गेला, असं होतं.

सह्या चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, मागू नका. सगळी माणसं मूळ घरात एकत्र येतात म्हणून तोच मुहूर्त धरला जातो. माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळांच्या छताखाली) बसलेल्या बहिणीपुढे भाऊ कागद सरकवतो आणि ती नको म्हणू शकत नाही. असा कागद पुढे ‘वाचू दिला नाही’ म्हणून कोर्टात येतो. चवथीला कागद दाखवा, प्रती द्या, सही मागाहून घ्या.

सक्सेशन डीड झालं म्हणजे वाटणी झाली नाही

पेपरात वारसांच्या नोटिसा येतात ना, त्या सक्सेशन डीडच्या. त्याने वारस कोण एवढंच ठरतं. कोणती खोली कोणाची, विहीर कोणाच्या बाजूला, हे त्यात नसतं. अनेक घरं तिथेच थांबतात आणि वीस वर्षांनी वारस पाचांचे तेवीस होतात. डीड करताना एखादी बहीण वगळायची, ‘ती कुठे विचारतेय’ म्हणून, हा तर थेट खोट्या जबाबाचा मामला. ती विचारते, आणि बहुधा गिऱ्हाईक आल्यावरच.

वाटणी दोन तऱ्हांनी होते. सगळे राजी असतील तर वाटणीपत्र. नसतील तर दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरी.

इन्व्हेंटरीत बोली लागते, हे आधी समजून घ्या

कोर्ट मालमत्तेची यादी करतं, किंमत ठरवतं, मग वारसांमध्येच बोली लागते. जास्त बोलणारा ती वस्तू घेतो आणि इतरांना त्यांच्या हिश्शाचे पैसे देतो. कागदावर हे अगदी न्याय्य आहे. प्रत्यक्षात घरातल्या घरात वर्ग पडलेले असतात, आणि बोलीत ते उघडे पडतात. एक भाऊ आखातात किंवा लंडनला, दुसरा फोंड्यात पिकअप चालवतो आणि आईला बघतो. गळकी कौलं त्यानेच काढून घातली, आईचं औषधपाणी त्यानेच केलं. बोलीत यातलं काहीच मोजत नाहीत, पैसा मोजतात. ज्याचा पाय घरात आहे तोच घर हरतो.

यावर माझं मत स्पष्ट आहे: घरात राहणाऱ्याने इन्व्हेंटरीची नोटीस आल्यावर जागं होऊन चालत नाही. बोलीआधीच्या टप्प्यावर सगळ्यांशी बोलून तडजोडीची वाटणी कोर्टापुढे ठेवता येते, तिथेच जोर लावायचा. मूळ घर आपल्याला आणि रस्त्याकडचं भाट इतरांना, असा सरळ प्रस्ताव लेखी द्या. दुरुस्तीवर केलेल्या खर्चाच्या पावत्या, सुताराच्या हिशेबाचं चिटोरंसुद्धा, जपून ठेवा. खर्चाचा दावा मांडायला ती लागतात. बोलीला बसायचंच असेल तर बँकेत आधी विचारून घ्या की भावंडांना पैसे चुकवायला कर्ज मिळेल का. बोली जिंकून मुदतीत पैसे भरता आले नाहीत, तर जिंकूनही हातचं जाण्याची वेळ येते.

परदेशातल्या भावाला उलट सूचना: ‘माझं काही नाही, तुम्हीच बघा’ असं फोनवर म्हणू नका. कुलमुखत्यारपत्र करा, तिथल्या भारतीय दूतावासातून किंवा अपोस्टिलने (कागद खरा असल्याच्या आंतरराष्ट्रीय शिक्क्याने) प्रमाणित करून घ्या, आणि कागद भारतात पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लावून घ्या. ही मुदत चुकल्यामुळे अडलेले व्यवहार थोडे नाहीत.

उताऱ्यावर विसंबू नका

एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्याचा सातबारा, हा मालकीचा शेवटचा शब्द नव्हे. कब्जेदाराच्या रकान्यात काकांचं एकट्याचं नाव असेल तर बहुधा सर्वेच्या दिवशी तेच घरी होते, एवढाच त्याचा अर्थ. पंचायतीची घरपट्टी ज्याच्या नावे येते तो मालक, हाही तसलाच गैरसमज. मालकी शोधायची तर मागे जावं लागतं: खरेदीखतं, जुने वाटणीचे निवाडे, जमीन नोंदणीचे पोर्तुगीजकालीन दाखले, मात्रीझ (कराची जुनी नोंदवही). त्यातले बरेच पोर्तुगीजमध्ये. भाषांतर जाणत्याकडूनच करून घ्या.

नावांचा घोळ ठरलेला. आजोबा जन्मदाखल्यात ‘पोरोबो’, खरेदीखतात ‘प्रभू’, सर्वेत नुसतेच ‘रामा’. ही सगळी एकच व्यक्ती, हे दाखवणारे पुरावे आजी-काका हयात आहेत तोवर गोळा करा.

आणि जुनं घर बंद ठेवून मुंबईला राहणाऱ्यांनी उतारा अधूनमधून ऑनलाइन बघत राहावा. बनावट जुनी कागदपत्रं करून वारस नसलेल्या, किंवा तसं वाटणाऱ्या, मालमत्ता लाटल्याची प्रकरणं इतकी निघाली की २०२२ मध्ये सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं.

आयकर आणि गोव्याबाहेरचा फ्लॅट

सामायिक मालमत्तेच्या जोडप्याचं भाडं, व्याज, धंद्याचं उत्पन्न नवरा-बायकोत निम्मं-निम्मं धरायचं. पगार मात्र ज्याचा त्याचा. १९६१ च्या आयकर कायद्यात यासाठी कलम ५अ होतं. बाहेरच्या सीएला ते माहीत नसतं, तुम्ही सांगा. आणि गोव्यात अधिवास असलेल्या माणसाचा ठाण्यातला फ्लॅटही याच वारसा नियमांनी जातो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. ‘तो फ्लॅट वेगळा’ असं धरून वाटणी करू नका.

मुंडकाराचं घर वाटणीत विसरू नका

भाटकार म्हणजे जमीनमालक, मुंडकार म्हणजे त्याच्या संमतीने त्याच्या जागेत घर करून राहणारा. भाटकाराच्या वारसांची चूक अशी की भाट विकताना कोपऱ्यातलं मुंडकाराचं घर धरतच नाहीत. १९७५ च्या मुंडकार कायद्याने त्याला तिथून काढता येत नाही आणि घराखालची जागा विकत घेण्याचा हक्क त्याला आहे: पंचायत क्षेत्रात ३०० चौरस मीटरपर्यंत, पालिकेत २००. घेणाऱ्यापासून हे लपवलं तर व्यवहार नंतर अडतो.

मुंडकाराची चूक अधिक दुखरी. ‘भाटकार चांगला माणूस आहे’ म्हणून तो नोंदणीच करत नाही. चांगला माणूस जातो. त्याची मुलं पणजीत, मुंबईत, लिस्बनला. आणि एक दिवस कुंपण घालायला अनोळखी माणसं येतात. दुसरी चूक म्हणजे न वाचता सही. घराचं भाडं देतो किंवा पगारी राखणदार म्हणून राहतो, असं लिहिलेल्या कागदावर अंगठा उठला की मुंडकारपणावरच प्रश्न उभा राहतो, कारण भाडेकरू आणि पगारी नोकर कायद्याच्या व्याख्येबाहेर आहेत. तिसरी चूक आपसातली: वडिलांच्या नावची मुंडकारी एकाच भावाने आपल्या नावे करून घेणं. तो हक्कही वारशाने येतो, बहिणींसकट.

अर्ज मामलतदाराकडे करायचा. घर क्रमांक, घरपट्टीच्या जुन्या पावत्या, वीजजोडणीचा कागद, वडिलांच्या नावचं जुनं रेशनकार्ड, एक-चौदाचा उतारा आणि शेजारच्या दोन वयस्क माणसांचे जबाब एवढं जमवून जा. मुंडकार नोंदवहीत नाव आलं की दाखल्याची प्रत मागून घ्या, आणि जागा खरेदीचा अर्ज त्याच फेरीत विचारून या.