अमेरिकेने ‘आणीबाणी’ वाढवली? बातमी लिहिताना या चुका टाळा

दरवर्षी २७ ऑक्टोबरच्या आधी वॉशिंग्टनहून एक लहानशी सूचना निघते. काँगोच्या लोकशाही प्रजासत्ताकातल्या संघर्षाबाबत २००६ साली जाहीर केलेली राष्ट्रीय आणीबाणी आणखी एक वर्ष चालू राहील, एवढाच तिचा आशय. बुश गेले, ओबामा गेले, ट्रम्प आले, बायडन आले, तरी मजकूर जवळपास तोच. आणि दरवर्षी आपल्याकडे कुणीतरी मथळा देतोच: ‘काँगोत अमेरिकेची आणीबाणी’.

जुन्या आदेशाला नवी घटना समजणे

सगळ्यात जास्त नुकसान ही चूक करते. एका वर्षी आमच्या जिल्हा आवृत्तीत अगदी असाच मथळा गेला. सकाळी साताऱ्याकडच्या एका गावातून फोन आला. बाईंचा मुलगा लष्करात, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून काँगोतल्या गोमा शहरात गेलेला. “साहेब, तिथं आणीबाणी लागली म्हणून छापलंय. पोराचा फोन लागत नाही. काय झालंय तिकडं?” आवाज कापत होता. मी म्हटलं, “मावशी, तिकडं नवीन काही झालेलं नाही. हा अमेरिकेतला दर वर्षीचा कागद आहे.” त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “मग असं छापलं कशाला?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बातमी करणाऱ्या मुलाने एजन्सीचा मजकूर मोबाइलवर भाषांतराला टाकला होता आणि आलेलं पहिलं वाक्य उचलून मथळा केला होता. “सर, सगळ्यांच्या आधी लावायची होती,” हे त्याचं कारण. या घाईचा मला मनापासून राग आहे. जी सूचना तारीख ठरवून दरवर्षी येते, तिच्यासाठी कसली शर्यत?

माझी सवय साधी आहे. मजकूर हातात आला की आधी मूळ आदेशाची तारीख शोधतो आणि पेन्सिलीने तिच्याखाली रेघ ओढतो. तारीख जुनी असेल तर मथळ्यात ‘लागू’ हा शब्द येऊ देत नाही. ‘मुदत वाढवली’ असं लिहितो आणि पहिल्याच परिच्छेदात ‘२००६ पासून’ घालतो. ‘अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणाला असाधारण धोका’ हे शब्दही मथळ्यात नेत नाही. कायद्यालाच ते शब्द लागतात, म्हणून ते दरवर्षी असतात. त्यावरून ‘धोका वाढला’ असा अर्थ काढणं चूक आहे.

१९७५ च्या चष्म्यातून बघणे

आपल्या वाचकाला आणीबाणी म्हटलं की अटकसत्र आणि वृत्तपत्रांवरची सेन्सॉरशिप आठवते. ते स्वाभाविकच आहे. पण अमेरिकेची ही आणीबाणी रस्त्यावर दिसत नाही, काँगोच्या राजधानीत, किन्शासात नाही आणि न्यूयॉर्कमध्येही नाही. १९७७ च्या एका कायद्याने अध्यक्षांना ठरावीक व्यक्ती व संस्थांची मालमत्ता गोठवता येते, त्यांच्याशी व्यवहार रोखता येतात. त्या अधिकाराचा पाया म्हणजे ही घोषणा. पाया गेला तर वरचे निर्बंधही जातात, म्हणून तिची मुदत वाढवतात. हे दोन वाक्यांत सांगता येतं आणि सांगायलाच हवं.

युद्धावरून लावलेली आणीबाणी लांबत जाणं आपल्यालाही नवं नाही. चीन युद्धावेळी ऑक्टोबर १९६२ मध्ये लागलेली जानेवारी १९६८ पर्यंत राहिली. ३ डिसेंबर १९७१ ची पाकिस्तान युद्धाची आणीबाणी मार्च १९७७ पर्यंत उठली नव्हती, म्हणजे १९७५ ची तिच्यावर येऊन बसली. तिकडे अमेरिकेत अध्यक्ष ट्रुमन यांनी कोरिया युद्धावरून डिसेंबर १९५० मध्ये केलेली घोषणा सत्तरच्या दशकातही जिवंत होती. अशा न संपणाऱ्या घोषणांना आळा घालायलाच १९७६ चा कायदा आला. वर्धापनदिनाआधीच्या ९० दिवसांत अध्यक्षांनी मुदतवाढीची सूचना फेडरल रजिस्टर या सरकारी राजपत्रात छापून काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, कळवली नाही, तर आणीबाणी आपोआप संपते. काँग्रेसने दर सहा महिन्यांनी विचार करावा, असंही त्यात आहे. हा आढावा बहुतेक काळ कागदावरच राहिला, आणि मला तो मोठा दोष वाटतो. इराणबाबतची १४ नोव्हेंबर १९७९ ची घोषणा आजवर चालत आलीय ती अशीच.

‘काँग्रेसने मंजुरी दिली’ असे लिहिणे

मंजुरी लागतच नाही, फक्त कळवावं लागतं. आपल्याकडे राज्यघटनेच्या कलम ३५२ खाली दर सहा महिन्यांनी संसदेची मान्यता लागते. तो नियम तिकडे चिकटवू नका.

पूर्ण देशावर बंदी आहे असे समजणे

असा मथळा वाचून एका औषध निर्यातदाराने मला विचारलं होतं, किन्शासाचा माल थांबवू का? काँगोवरचे निर्बंध यादीतल्या नावांवर आहेत, आणि ज्या कंपन्यांत त्या नावांची मालकी ५० टक्के किंवा जास्त आहे, त्यांच्यावर. डॉलरचा व्यवहार असेल तर यादी बघायची, मथळा नाही. सुदानवरचे व्यापक आर्थिक निर्बंध ऑक्टोबर २०१७ मध्ये उठले, तरी १९९७ ची आणीबाणी चालूच राहिली.

खरी बातमी सोडून देणे

मूळ आदेश बदलला किंवा संपवला, तर जागा द्या. सुदानच्या लष्करात आणि आरएसएफ या निमलष्करी दलात युद्ध पेटल्यावर मे २०२३ मध्ये नवा आदेश निघाला, जुन्या आणीबाणीची व्याप्ती वाढली. नोव्हेंबर २०२१ मध्ये बुरुंडीबाबतची आणीबाणी संपवली गेली. या दोन्ही खऱ्या घडामोडी होत्या.

आणखी दोन

इराणबाबत अमेरिकेच्या दोन वेगळ्या घोषणा आहेत, एक नोव्हेंबरची आणि दुसरी मार्च १९९५ ची. मार्चमध्ये सूचना आली की ‘चार महिन्यांत दुसऱ्यांदा वाढ’ असं लिहू नका.

काँगो नावाचे देशही दोन आहेत. नकाशा लावण्याआधी राजधानी तपासा: किन्शासा हवी, नदीपलीकडची ब्राझाव्हिल नको.