कॅथेप्सिनवर काम सुरू करताय? आधी बफर बघा

पीएचडीच्या पहिल्या वर्षी एका सपाट रेषेने माझे तीन आठवडे खाल्ले. विकतचं कॅथेप्सिन बी (प्रथिनं तोडणारं एंझाइम), झेड-आर्ग-आर्ग-एएमसी हा सबस्ट्रेट (एंझाइमने तोडला की चमकणारा पदार्थ), दोन्ही नवे कोरे. पण प्लेट रीडरवर चमक काही वाढेना. एंझाइम मेलेलंच पाठवलंय अशी कंपनीला तक्रार लिहायला बसले होते. सीनियरने माझी वही चाळली आणि विचारलं, "डीटीटी कुठंय?"

ऑक्सिडेशन रोखणारं हे रसायन मी घातलं नव्हतंच. वर बफर पीएच ७.४ चा, कारण बाकीच्या प्रयोगांना तोच चालायचा. कॅथेप्सिनं मुख्यतः लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या पिशव्यांत राहणारी, तिथला पीएच ५ च्या आसपास. शिवाय त्यांचं सगळं काम सिस्टीन या एका अमिनो आम्लाच्या गंधकावर. त्याचं ऑक्सिडेशन झालं की दुकान बंद. पीएच ६ चा बफर, ताजं डीटीटी, पंधरा मिनिटं थांबून मग सबस्ट्रेट. रेष उभी चढली.

दुसरा खड्डा नावाचा. आडनाव एक म्हणून घराणं एक नाही. माणसात सिस्टीनवाली ११ आहेत: बी, सी, एफ, एच, के, एल, ओ, एस, व्ही, डब्ल्यू, एक्स. डी आणि ई चं काम सिस्टीनऐवजी अ‍ॅस्पार्टिक आम्लावर, ए आणि जी चं सेरीनवर. सिस्टीनवाल्यांना अडवणारं ई-६४ घालून डी थांबत नाही म्हणून डोकं धरून बसू नका. मटण लवकर शिजावं म्हणून आपण कच्ची पपई लावतो ना, त्यातलं पपेन मात्र या ११ जणांचं सख्खं भाऊबंद.

वाचायला सुरुवात के पासून करा. हाड झिजवणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी हाडातलं कोलॅजन याच्याच जोरावर तोडतात. त्याच्या जनुकात दोष असला की पिक्नोडायसोस्टोसिस होतो, हे १९९६ मध्ये कळलं: हाडं दाट, तरी ठिसूळ. मग ऑस्टिओपोरोसिससाठी के अडवायचं, हा विचार सरळच होता. मर्कच्या ओडानाकॅटिबने फ्रॅक्चर कमीही केले. पण पक्षाघाताचा धोका वाढलेला दिसला आणि २०१६ मध्ये औषध सोडून द्यावं लागलं.

सी ची गोष्ट मला जास्त आवडते. ते जन्मतःच निकामी असेल तर पापियों-लेफेव्हर सिंड्रोम: तळहात-तळपाय जाड, दात लहानपणीच पडतात. आणि तेच सी औषधाने अडवलं, तर न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींमधलं इलास्टेस हे प्रथिनं तोडणारं एंझाइम तयार होतानाच अर्धवट राहतं, फुप्फुसाची नासाडी कमी होते. ब्रेन्सोकॅटिबला ब्राँकिएक्टेसिससाठी (श्वासनलिका कायमच्या रुंदावण्याचा आजार) अमेरिकेत २०२५ मध्ये मंजुरी मिळाली ती याच तत्त्वावर.

वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिन किती आहे ते दाखवणारी चाचणी) जाड पट्टा दिसला म्हणून नाचू नका. तो प्रो-रूपाचा, म्हणजे अजून सक्रिय न झालेल्या एंझाइमचा आहे का, ते आधी बघा. ते रूप कुलूप लावलेलं असतं. सक्रियता वेगळी मोजा, शेजारी प्लेटमधली ई-६४ घातलेली एक विहीर (वेल) ठेवा. डीटीटीच्या छोट्या कुप्या उणे २० ला, प्रत्येकीवर तारीख. माझ्या कप्प्यात अजूनही एक बिनतारखेची निघते, ती सरळ फेकते.